मेटाबोलाइट (पेशीतल्या रासायनिक क्रियांत बनणारे छोटे रेणू) मोजून घेतले, दोन लॅबचा अनुभव (दुसरीला ४ स्टार)

आमचा बॅक्टेरिया कोरायनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम, त्यातून लायसिन हे अमिनो अ‍ॅसिड काढतो. फर्मेंटरमध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या टाकीत) एका टप्प्यानंतर लायसिन वाढेनाच, म्हणून पेशीच्या आत कुठे अडतंय ते बाहेरून मोजून घ्यायचं ठरलं.

पहिल्या लॅबने (नाव नाही घेत) सॅम्पल घेतले, एक्सेल पाठवली, विषय संपला. त्यात एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खूपच कमी आणि एएमपी (त्याचं खर्च झालेलं रूप) भरपूर, एनर्जी चार्ज, म्हणजे पेशी किती 'चार्ज' आहे ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, ०.४. अहो चांगल्या वाढणाऱ्या पेशीत तो ०.८ च्या पुढे असतो, रिपोर्टवर सही करणाऱ्याला हे खटकायला नको? चूक आमचीही होतीच, आम्ही सॅम्पल बर्फात ठेवून दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज केलं होतं आणि एटीपी तर काही सेकंदांत खर्च होऊन परत बनतं, पण तुम्ही पेशी थांबवल्या कशा (म्हणजे आतल्या क्रिया त्या क्षणी कशा गोठवल्या) एवढं एका शब्दाने तरी विचारायचं ना.

दुसऱ्या लॅबच्या मॅडमनी सॅम्पल पाठवायच्या आधीच फोन करून हेच विचारलं. मी म्हटलं या वेळी ६० टक्के मिथेनॉल, उणे ४० डिग्री. तर म्हणाल्या ती पद्धत यीस्टसाठी ठीक आहे, कोरायनेला असा एकदम थंडीचा झटका बसला की अमिनो अ‍ॅसिड बाहेर गळतात आणि मिथेनॉलबरोबर तुम्ही तेच ओतून देता. मग फिल्टरची पद्धत शिकवली, व्हॅक्यूमवर पटकन गाळायचं आणि फिल्टर तसाच्या तसा उणे २० च्या अ‍ॅसिटोनायट्राइल-मिथेनॉल-पाण्यात टाकायचा, आम्ही ३-४ दिवस नुसत्या पाण्यावर प्रॅक्टिस केली तेव्हा कुठे हात बसला. गाळलेलं पाणीही वेगळं मागवलं, किती गळलं ते कळावं म्हणून. शिवाय प्रत्येक सॅम्पलमध्ये कार्बन-१३ (थोडा जड कार्बन) वर वाढवलेल्या पेशींचा अर्क मिसळतात, त्यामुळे मशीनमध्ये सिग्नल दबला तरी हिशोब चुकत नाही, आणि हे एक्स्ट्रा चार्ज न लावता.

या वेळी एनर्जी चार्ज ०.८७ आला. रिपोर्ट बघून डोळे भरून आले खरंच, सहा महिने आम्ही चुकीच्या आकड्यांवर भांडत होतो.

एक स्टार कापला कारण रिपोर्टला तीन आठवडे सांगून सहा लागले, आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट व फ्रुक्टोज-६-फॉस्फेट एकाच पीकमध्ये (मशीनच्या आलेखातल्या एकाच शिखरात) दिलेत, वस्तुमान सारखं असतं मान्य पण आम्हाला नेमकं तिथेच बघायचं होतं. ड्राय आइसचा खर्च आपला, आणि शुक्रवारी कुरियर अजिबात करू नका.