80 टक्क्यांचा बंब: हिशोब कुठे फिरवतात

लातूर जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने यंदाच्या थंडीत पाणी तापवायचा स्टीलचा नवा बंब घेतला. विक्रेत्याने बाजारात सर्वांसमोर पाणी तापवून दाखवलं, कार्यक्षमता, म्हणजे सरपणाच्या उष्णतेतला पाण्यात उतरणारा वाटा, 80 टक्के म्हणून सांगितली आणि "निम्मं सरपण वाचेल" असा शब्द दिला. घरचा जुना तांब्याचा बंब मोडीत घालायचंही ठरलं होतं. पण सरपण जवळपास पहिल्यासारखंच संपत राहिलं. तपासणीत या बंबाची कार्यक्षमता 28 टक्के भरली.

विक्रेत्याने हिशोब कागदावर लिहून दिला होता: 40 लिटर पाणी, 20 अंशांवरून 75 अंशांपर्यंत, लाकूड 800 ग्रॅम. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे पाण्यात 2,200 गेल्या. वाळलेल्या लाकडाच्या किलोला साधारण 3,500 धरल्या तर 2,800 जळल्या. भागाकार 79 टक्के. गणित चोख आहे, खोटे आहेत त्यात घातलेले आकडे.

बंबात 40 लिटर पाणी मावतच नाही. मोजून ओतलं तर 31 लिटर बसलं. 40 हे बाहेरच्या पिंपाचं माप, मधल्या जळणाच्या नळीने अडवलेली जागा त्यातून वजाच केलेली नव्हती. 20 अंश हे पहाटेच्या पाण्याचं तापमान, प्रयोग मात्र भर दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतल्या पाण्यावर झाला. आणि 75 अंश मोजले ते तोटीतून आलेल्या पहिल्या तांब्याचे. बंबात सगळ्यात तापलेलं पाणी वर असतं, थंड तळाशी. सगळं पाणी घंघाळात काढून ढवळल्याशिवाय खरं तापमान कळत नाही. शिवाय पेटवताना घातलेल्या करवंट्या आणि आधीचे निखारे वजनात धरलेच नव्हते.

सगळ्यात चलाख भाग होता तापमापक बंदुकीचा. धुराड्यावर रोखून "बघा, फक्त 70 अंश, सगळी उष्णता पाण्यातच राहते" असं सांगितलं गेलं. चकचकीत स्टीलवर ही बंदूक खूप कमी आकडा दाखवते, कारण गुळगुळीत धातू स्वतःची उष्णता फारच कमी फेकतो आणि यंत्र मात्र काळ्या, खरबरीत पृष्ठभागाच्या हिशोबाने लावलेलं असतं. धुराड्याच्या त्याच जागी काजळीचा जाड पट्टा ओढून मोजलं, तर आकडा 190 वर गेला. आतला धूर त्याहूनही तापलेला असणार. कुणी बंदूक काढली की आधी काजळी लावायला सांगा.

घरची चाचणी अशी करावी. बंब पूर्ण गार, नळीत राख नाही. पाणी मापाच्या भांड्याने ओता आणि त्याचं तापमान साध्या काचेच्या थर्मामीटरने घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, तो 42 अंशांपुढे जात नाही. सरपण ढलप्या-काटक्यांसकट किराणा काट्यावर तोला. विस्तव शांत झाला की सगळं पाणी काढून ढवळा, मोजा. उरलेला कोळसा राख झटकून तोला आणि त्याच्या किलोला 7,000 किलोकॅलरी वजा करा. या बंबात पाणी 19 वरून 58 अंशांवर गेलं, म्हणजे 1,209 किलोकॅलरी. लाकूड 1.35 किलो, उरलेला कोळसा 60 ग्रॅम, जळलेल्या 4,305, भागाकार 28 टक्के. जुना तांब्याचा बंब त्याच बाभळीवर 24 टक्के देतो. म्हणजे सरपणाची खरी बचत सातवा हिस्सा, निम्मी नव्हे.

लाकूड दोन्ही वेळी एकाच ढिगातलं हवं. 3,500 हा आकडा 15 टक्के ओलाव्याच्या लाकडाचा आहे. ताज्या तोडलेल्या सुबाभळीत ओलावा 40 टक्के असला तर किलोमागे 2,300-2,400 च हाती लागतात, कारण त्या किलोत लाकूडच कमी असतं आणि आतलं पाणी वाफ करण्यातही उष्णता जाते. ओलावा मापक ओंडक्याच्या सालीवर टेकवू नका, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा. पऱ्हाट्या-तुराट्यांवर चाचणी करणार असाल तर वेगळी करा, त्या भसाभस जळतात आणि ज्वाळा धुराड्यातून निघून जाते. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या बंबात आत क्षाराचा पांढरा थर चढतो, तेव्हा जुना-नवा तुलना करण्याआधी जुना बंब लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुऊन घ्या. नाहीतर नव्याला फुकटचं श्रेय मिळतं.

या बंबावर आयएस 13152 असं लिहिलेलं लेबलही होतं. ते मानक हलवता येणाऱ्या चुलीचं आहे, बंबाचं नव्हे. आणि त्यात पंखा नसलेल्या चुलीला किमान 25 टक्के, पंख्याच्या चुलीला 35 टक्के कार्यक्षमता लागते. यावरून 80 चा दावा किती फुगवलेला आहे ते कळेल. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहता येतो.

पैसे देण्याआधी लिटर, टक्के आणि सरपणाची बचत पावतीवर लिहून घ्या. विक्रेता लिहून देत नसेल तर घेऊ नका. ज्यांनी घेतलाय त्यांनी पावती, हिशोबाचा कागद आणि चाचणीचे फोटो जपावेत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीची फी नाही.