महागडा गेमिंग लॅपटॉप आणि माऊस बेळगावच्या हवेत किती टिकतो?

दीड हजारांचा गेमिंग माऊस आणि बारा हजारांचा गेमिंग माऊस शेजारी ठेवून उघडले, तर डाव्या बटणाखाली बरेचदा एकाच जातीचा स्विच निघतो. सुटा घेतला तर तो शंभराच्या आत येतो. वरचे साडेदहा हजार सेन्सरला, हलक्या कवचाला आणि बिनवायरच्या रेडिओला गेलेले असतात. खेळताना त्याचा फरक कळतो, पण म्हणून माऊस जास्त वर्षं चालेल असं काही नाही.

डब्यावर दोन कोटी, पाच कोटी क्लिकचा आकडा असतो. तो स्विचमधली पत्ती किती वेळा वाकेल याचा. पत्ती सहसा मोडत नाही, तिच्या टोकाचा संपर्क बिघडतो. हल्लीच्या माऊसमध्ये तीन व्होल्टच्या आसपासचा दाब आणि नावापुरता प्रवाह असतो. संपर्काच्या ठिकाणी ऑक्साइडचा पातळ थर बसला की तो जाळून टाकण्याइतकी ठिणगीही पडत नाही. मग एकदा दाबलं की दोनदा लागतं, किंवा फाईल ओढून नेताना मध्येच सुटते. दमट हवेत हे लवकर सुरू होतं. म्हणून खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात, जिथे जूनपासून कपडेसुद्धा आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथे साध्या संपर्काच्या स्विचवर दहा हजार घालणं आम्हाला पटत नाही. त्या भागात ऑप्टिकल स्विचचा माऊस बघा. त्यात बटण दाबल्यावर प्रकाशाचा किरण अडतो किंवा सुटतो आणि त्यावरूनच क्लिक मोजला जातो, त्यामुळे ऑक्साइडचा प्रश्नच येत नाही. रेझरच्या वरच्या मॉडेलांत असे स्विच आहेत. लॉजिटेकच्या जी५०२ एक्समध्ये ‘लाइटफोर्स’ नावाचा मिश्र प्रकार आहे, त्यात आवाज आणि दाब जुन्या स्विचसारखा लागतो. चाकाचं फिरणं मोजणारा भाग, म्हणजे एन्कोडर, मात्र बहुतेक माऊसमध्ये यांत्रिकच असतो. पान खाली नेताना मध्येच वर उडी मारायला लागलं तर दोष त्याचा.

वॉरंटी संपल्यावर स्विच बदलणं फारसं कठीण नाही. माऊसच्या पोटावरचे टेफ्लॉनचे पाय हेअर ड्रायरने कोमट करून सावकाश उचला, स्क्रू त्यांच्याखाली दडलेले असतात. वरचं कवच झटक्यात ओढू नका. दोन्ही भागांना जोडणारी रिबन केबल आधी सोडवा. ती फाटली की दुरुस्ती तिथेच संपली. बिनवायरचा असेल तर बॅटरीचा कनेक्टर पहिल्यांदा काढा. स्विचला तीन पाय असतात. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा आणि एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, नाहीतर बोर्डावरची तांब्याची चकती उखडते. नवा स्विच जुन्याच्याच दिशेने बसवा. उलटा बसला तर बटणाची दांडी त्याच्या टोकावर पडत नाही. ओमरॉनचा डी२एफ-०१एफ हा अल्प प्रवाहासाठीच केलेला आहे, मिळाला तर तोच घ्या. मोबाईल दुरुस्त करणारा कोणीही हे काम करून देईल, पण स्विच त्याच्याकडे असेलच असं नाही. आधी मागवून सोबत न्या.

कवचावरचा मऊ रबरी थर ही महाग माऊसची आणखी एक खोड. घामाने आणि दमटपणाने तो दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो आणि नुसत्या पुसण्याने निघत नाही. साधं खरखरीत प्लास्टिक दिसायला गरीब वाटतं, पण तेच बरं. हेडसेटच्या उशांचंही असंच. त्यांवरचं नकली चामडं पॉलियुरेथेनचं असतं. हवेतल्या ओलाव्याने ते आतून तुटत जातं आणि काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. उशा सुट्या मिळतात का आणि वायर काढता येते का, एवढं पाहून हेडसेट घ्या. डोक्यावरची कमान धातूची हवी. हायपरएक्स क्लाउड २ ची चौकट ॲल्युमिनियमची आहे आणि माईक काढता येतो. यापेक्षा दुप्पट किमतीच्या हेडसेटमध्ये प्लास्टिकची कमान असेल तर त्याला नकार द्यायला हरकत नाही.

कीबोर्ड ही एकच वस्तू अशी, की जिथे जास्तीचे पैसे सरळ आयुष्यात उतरतात. यांत्रिक कीबोर्डमधले चेरी एमएक्सचे स्विच दहा कोटी दाबांसाठी मोजलेले आहेत, साध्या रबरी पडद्याच्या कीबोर्डचा आकडा पन्नास लाख ते एक कोटीच्या घरातला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हॉट-स्वॅप. एक स्विच गेला तर चिमट्याने उपसा आणि नवा दाबून बसवा, सोल्डर नको. तीन पायांचा की पाच पायांचा, एवढं बोर्ड पाहून ठरवा. बटणांच्या टोप्या, म्हणजे की-कॅप, पीबीटी प्लास्टिकच्या घ्या, एबीएस प्लास्टिकच्या वर्षभरात तेलकट चमकतात. टाईप-सीची वायर सुटी निघणारी हवी. चहा सांडला तर ताबडतोब वायर काढून कीबोर्ड उलटा करा आणि दोन दिवस लावूच नका. साखरेचा चहा असेल तर त्या भागातले स्विच बदलावेच लागतात. चार-पाच हजारांत या सगळ्या गोष्टी मिळतात. त्याच्या वरचे पैसे हौसेचे.

आता लॅपटॉप, आणि खरे पैसे इथेच जातात. बेळगावातले इंजिनिअरिंगचे बरेच विद्यार्थी कॅड, रेंडरिंग आणि खेळ अशा तिन्हींसाठी गेमिंग लॅपटॉप घेतात आणि चार वर्षं तोच चालावा अशी घरच्यांची अपेक्षा असते. चार वर्षं चालतो, पण तीन गोष्टी त्याला खातात: उष्णता, बिजागरी आणि बॅटरी. ‘मिलिटरी ग्रेड’च्या शिक्क्यावर जाऊ नका. मिल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धत आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. रोज दहा वेळा उघडझाप होणाऱ्या झाकणाचं तिसऱ्या वर्षी काय होईल, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

उष्णतेचा हिशेब वॅटमध्ये करा. आरटीएक्स ४०६० हे एकाच नावाचं ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कशावरही चालवलेलं असतं. पातळ, देखण्या, दोन लाखांच्या मशीनमध्ये ते आवळून ठेवलेलं असू शकतं, आणि सव्वा लाखाच्या जाडजूड, अडीच किलोच्या मशीनमध्ये मोकळं सोडलेलं. जाड मशीनमध्ये पंखे आणि तांब्याच्या नळ्या मोठ्या असतात. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. तो जळत नाही, पण तासन्‌तास त्या तापमानावर चालल्याने चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट, पंख्याचे बेअरिंग आणि शेजारची बॅटरी सगळंच लवकर म्हातारं होतं. टिकाऊपणासाठी आमची पसंती जाड मशीनला. रॅमही पाहा. लेनोवोच्या लीजनसारख्या जाड मालिकांच्या बऱ्याच मॉडेलांत दोन स्लॉट मिळतात. आसुसच्या झेफायरस जी१४ च्या २०२४ च्या मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच जडवलेली आहे, १६ जीबी घेतली तर शेवटपर्यंत १६ च.

धूळ गावागणिक वेगळी. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या आसपास बारीक भुकटी असते. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळी राख पडते. उद्यमबागेत लेथ आणि ग्राइंडरच्या शेडशेजारी लोखंडाचा कीस उडतो, आणि तो सगळ्यात वाईट, कारण तो पंख्याच्या आणि स्पीकरच्या चुंबकाला चिकटतो आणि वीजही वाहून नेतो. अशा ठिकाणी लॅपटॉप दर सहा महिन्यांनी उघडा. बेळगाव शहरात वर्षातून एकदा पुरे.

बाहेरून ब्लोअर मारून भागत नाही. धूळ पंखा आणि उष्णता टाकणाऱ्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखी बसते आणि बाहेरच्या वाऱ्याने ती आणखी आत दाबली जाते. खालचं झाकण काढा. स्क्रू ज्या जागेचे त्याच क्रमाने कागदावर टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो कीबोर्डच्या पत्र्याला आतून कोंब आणतो. बॅटरीचा कनेक्टर काढल्याशिवाय पुढे हात लावू नका. पंखा बोटाने धरून मगच ब्रशने किंवा हवेने साफ करा, गरगर फिरू दिला तर बेअरिंग बिघडते. पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलायची. चिपवर बसणाऱ्या धातूच्या हीटसिंकवर स्क्रूंचे आकडे कोरलेले असतात, त्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. मेमरीवरचे उष्णता वाहणारे मऊ थर्मल पॅड फाटले तर तेवढ्याच जाडीचे बसवा. एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड घातला की हीटसिंक उचलला जातो आणि चिप आधीपेक्षा जास्त तापते. काही मशीनमध्ये, उदाहरणार्थ आसुसच्या आरओजी मालिकेत, पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, असते. ते वीज वाहून नेतं आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात ती मशीन देऊच नका.

बिजागरीची गोष्ट साधी आहे. झाकणातल्या प्लास्टिकमध्ये पितळेच्या छोट्या नळ्या रोवलेल्या असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यांत बसतात. वर्षा-दोन वर्षांनी बिजागरी आवळते, आपण एका कोपऱ्याने झाकण उचलतो, आणि सगळा पीळ एका नळीवर येतो. ती प्लास्टिकसकट उपटते. आधी ‘कट्’ असा आवाज येतो, मग बिजागरीपाशी चौकटीत फट दिसते. फट दिसल्या दिवसापासून झाकण उघडं ठेवा, मिटू नका. या टप्प्यावर बिजागरीचा नट थोडा सैल करून नळी दोन भागांच्या इपॉक्सीने पुन्हा बसवता येते. दुर्लक्ष केलं तर स्क्रीनची केबल तुटते आणि खर्च कितीतरी पट होतो. विकत घेताना झाकण एका बोटाने मधोमध उचलून पाहा. धातूचं झाकण असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला आमची ना नाही.

सतत चार्जरवर असलेली बॅटरी फुगते. टचपॅड दाबायला जड झाला किंवा तळ टेबलावर डुगडुगू लागला की बॅटरी तपासा, आणि फुगलेली असेल तर त्याच दिवशी काढून ठेवा. जवळपास प्रत्येक कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. पहिल्याच दिवशी ती लावा.

विजेचं तर विचारूच नका. हेस्कॉमची लाइन गेली-आली करते, आणि हे अडॅप्टर २३० ते ३३० वॅटचे. त्यांना शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर ते गुणगुणतात आणि तापतात. धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष लॅपटॉपचा नसतो, घरात अर्थिंग नसते. तीन पिनची प्लग दोन पिनच्या जोडणीत घालणं बंद करा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दाटले की अडॅप्टर काढा, आणि इंटरनेटची लॅन वायरही. वीज त्या वायरीतूनसुद्धा येते.

उरली वॉरंटी. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. लॅपटॉप कुठूनही घ्या, कंपनीची वॉरंटी देशभर चालते, पण घरपोच सेवा पिनकोडवर ठरते. पैसे देण्याआधी कंपनीच्या फोनवर आपला पिनकोड सांगून विचारा. गावाचा पिनकोड बसत नसेल तर मशीन स्वतः सर्व्हिस सेंटरला न्यावी लागेल. मग तीन वर्षांच्या घरपोच वॉरंटीचे वेगळे पैसे भरण्यात अर्थ नाही. बॅटरीला बहुतेकदा एकच वर्ष असतं, बाकी मशीनला तीन असली तरी. जीएसटी बिलावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो तळाच्या स्टिकरशी दुकानातच ताडून पाहा. ‘बिलाशिवाय आठ हजार कमी’ म्हणणाऱ्याकडचा माल बहुधा बाहेरदेशीचा असतो. त्याचा मदरबोर्ड गेला तर ते आठ हजार कुठल्या कुठे जातात.