चिपेवा फ्लोएजवरचा मस्की गाईड: बाबांसोबत एक दिवस

मस्की म्हणजे अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. तो गळाने धरायला नेणारा गाईड ठरवताना मी आता पहिला प्रश्न हातजाळ्याचा विचारते. जाळं किती मोठं आहे, त्याला रबराचा थर आहे का, आणि मासा लागल्यावर तो जाळ्यातच, पाण्यात ठेवता की बोटीत उचलून घेता? बोट किती फुटी, गेल्या आठवड्यात किती मासे मिळाले, हे सगळं नंतर.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको मिनेसोटातल्या एका तलावावर एका गाईडसोबत गेलो होतो. पैसे भरपूर मोजले होते. दुपारी नवऱ्याच्या गळाला ४२ इंचांचा मस्की लागला. गाईडने तो बोटीत ओढला, तळाच्या कार्पेटवर टाकला आणि मग पक्कड शोधायला लागला. पक्कड सापडली, गळ निघाला, त्यानंतर कल्ल्यात हात घालून मासा उभा लटकवला आणि तिघांचे वेगवेगळे फोटो काढले. पाण्यात सोडल्यावर तो कुशीवर कलंडला आणि पांढरं पोट वर करून तरंगायला लागला. "होईल थोड्या वेळात ठीक," म्हणत गाईडने इंजिन सुरू केलं. मी मागे बघत राहिले. दिसेनासा होईपर्यंत मासा तसाच होता. घरी आल्यावर नवऱ्याने तो फोटो कुणालाच पाठवला नाही.

यंदा बाबा कोकणातल्या आचऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय ७२, निवृत्त शिक्षक, आणि आयुष्यभर आचऱ्याच्या खाडीत गरवलेला माणूस. काळुंदर, तांबोशी, शेंगटी, सगळं हातदोरीवर. त्यांना कांडी, म्हणजे रॉड, कधी लागली नाही. त्यांना इथलं काय दाखवावं याचा मला फार विचार करावा लागला नाही. पण मागचा अनुभव मनात होता, म्हणून चार जणांना फोन केले आणि वर लिहिलेले प्रश्न विचारले. एकाने उत्तर देताना स्वतःच विचारलं, "तुम्ही याआधी मासा मेलेला पाहिलाय का?" त्यालाच घेतलं. त्याचं नाव इथे देत नाही. तो एकटाच काम करतो आणि त्याचं गिऱ्हाईक तोंडी चालतं. हेवर्डमधल्या आमिषांच्या दुकानात चिपेवा फ्लोएज या तिथल्या जलाशयावर मस्कीला नेणाऱ्या वयस्कर गाईडची चौकशी केलीत तर कळेल.

हेवर्ड हे विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडचं छोटं गाव, मिनियापोलिसहून गाडीने अडीच-तीन तास. मस्की हा विस्कॉन्सिनचा राज्यमासा आणि हेवर्ड त्याचं माहेरघर. गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे. त्याच्या आवारात फायबरग्लासचा १४३ फूट लांब मस्की उभा केलाय, साडेचार मजले उंच. त्याच्या पोटातून जिना चढून जबड्यात उभं राहता येतं. बाबा खालच्या दातांना हात लावून बराच वेळ उभे होते. जागतिक विक्रमाचा वादही इथलाच. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये लुई स्प्रे यांनी चिपेवा फ्लोएजमधून ६९ पौंड ११ औंसांचा मस्की काढला, तो हे संग्रहालय मानतं. त्याच वर्षी जुलैत शेजारच्या लॅक कूट ओरेल तलावात कॅल जॉन्सन यांनी पकडलेला ६७ पौंड ८ औंसांचा मासा मासेमारीचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संघटना मानते. दोन्ही तलाव एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे.

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला सोमवार घेतला होता. पूर्ण दिवसाचे ४५० डॉलर, दोघांचे मिळून. टिप आणि परवाना वेगळा. मिनेसोटाचा परवाना इथे चालत नाही, विस्कॉन्सिनचा आदल्या रात्रीच ऑनलाईन काढून ठेवा. सकाळी साडेसहाला धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि थंडी हाडात शिरत होती. बाबांनी कानटोपी, मफलर, माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट आणि त्यावर लाईफ जॅकेट असा सगळा थाट केला होता. गाईडने त्यांचा पट्टा स्वतः आवळून दिला आणि मग जाळं दाखवलं. दोन माणसांनी आत बसावं एवढं मोठं, काळ्या रबराचं. बोटीच्या कडेला तीन लांब पकडी आणि गळ कापायचं कटर आधीच टांगलेलं. मला तिथेच बरं वाटलं.

फ्लोएज म्हणजे धरणाचं पाणी. १९२३ साली विंटर धरण बांधून चिपेवा नदी अडवली आणि सव्वापंधरा हजार एकरांचा हा पसारा तयार झाला. शंभराहून जास्त बेटं, पाण्याखाली झाडांचे बुंधे, आणि कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी. काही बेटं तर तरंगती आहेत, शेवाळ आणि मुळांची. वाऱ्याने ती जागा सोडतात. एक मोठं बेट कधीकधी पुलाला अडतं, तेव्हा गावातले लोक आपापल्या बोटी नाकाने टेकवून ते ढकलून बाजूला करतात. बाबांनी बुंधे बघून विचारलं, इथे पूर्वी काय होतं? गाईडने इंजिन बंद करून सांगितलं. इथे ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव होतं, रानतांदळाची शेतं होती, पूर्वजांच्या कबरी होत्या. त्यांच्या विरोधाला न जुमानता सगळं पाण्याखाली घातलं. १९७१ मध्ये त्यांच्यातल्या तरुण पिढीने धरणाचा ताबा घेऊन आंदोलन केलं. मस्की हे नावही मुळात ओजिब्वे भाषेतूनच आलेलं. बाबा दोडामार्गात नोकरीला असताना तिलारी धरणाखाली गेलेली गावं त्यांनी पाहिलेली आहेत. ते काही बोलले नाहीत, पण नंतर दिवसभर बुंध्यांच्या जागा लक्षात ठेवत होते.

आता प्रत्यक्ष मासेमारी. इथले लोक मस्कीला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. तो पाईक नावाच्या माशाच्या कुळातला, दबा धरून बसणारा शिकारी. गवताच्या कडेला, बुंध्याच्या सावलीत निश्चल असतो. नऊ फुटी जाड कांडी, ८० पौंडी विणलेली दोरी आणि पुढे तारेचा तुकडा, कारण दात दोरी सहज कापतात. आमिष म्हणजे हरणाच्या शेपटीच्या केसांचं, दोन फिरत्या पात्यांचं बकटेल. फेकायचं, गुंडाळायचं, पुन्हा फेकायचं. तासाभरात खांदे बोलायला लागतात.

पण खरी गोष्ट फेक संपल्यावर सुरू होते. मस्की आमिषाच्या मागे मागे बोटीपर्यंत येतो आणि बघत थांबतो. म्हणून प्रत्येक वेळी आमिष बोटीशी आलं की कांडीचं टोक पाण्यात बुडवून ते आठाच्या आकड्यात फिरवायचं. गाईडने मला आधी हवेतच वीस वेळा फिरवायला लावलं. बाबांनी विचारलं, "आमचो आठ काय तेंचो?" मी ते गाईडला समजावलं आणि मराठी ८ त्याच्या वहीत काढून दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि म्हणाला, थकलात की हाच करा, एक मोठं वळण पुरतं, अर्धवट आठ करण्यापेक्षा चांगलं. शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडली. तो ओरडत नाही, चूक झाली की दोन फेकी जाऊ देतो आणि मग एकच गोष्ट सांगतो: वळण रुंद घे. मासा वळताना त्याच्या लांबीला जागा लागते.

साडेनऊच्या सुमारास पहिला मासा दिसला. आमिषाच्या फूटभर मागे, तांबूस पाण्यात एक रुंद पाठ, हिरवट सोनेरी, उभ्या पट्ट्यांची. मी आठ फिरवला, तो एका वळणापर्यंत आला आणि जणू कुणी दिवा मालवावा तसा खाली गेला. माझे गुडघे थरथरत होते. गाईडने नकाशावर खूण केली आणि म्हणाला, चंद्र उगवताना मासे खायला निघतात, तेव्हा परत येऊ. दुपारपर्यंत आणखी तिघांनी असंच केलं. एकाने बकटेलला धडक दिली, पण लागला नाही.

तक्रारी दोन आहेत. चंद्राच्या वेळेवर त्याचा इतका विश्वास आहे की आम्हाला दोन वाजेपर्यंत जेवू दिलं नाही. बाबांना मधुमेह आहे. मी शेवटी तिखट पुऱ्यांचा डबा उघडलाच. ही गोष्ट त्याने बुकिंगच्या वेळी विचारायला हवी होती, आणि बाबांच्या खांद्याचीही. दुसरं म्हणजे बोटीत स्वच्छतागृह नाही, आणि ते आधी कुणी सांगत नाही. मी विचारल्यावर त्याने लगेच एका बेटावरच्या तंबूंच्या जागी नेलं, तिथे साधं संडास होतं. बायकांनी हे धक्क्यावरच बोलून घ्यावं.

बाबांचा खांदा अकरालाच संपला होता. तेव्हा त्याने दुसरा उपाय केला. शरद ऋतूत इथे सकर नावाचा फूटभर लांबीचा जिवंत मासा दोन गळांच्या जोडणीवर लावून बोटीच्या मागे सोडतात. कांडी कडेच्या खोबणीत ठेवतात आणि रिळाचा खटका वाजण्याची वाट बघतात. बाबांनी खोबणीतल्या कांडीची दोरी अंगठा आणि तर्जनीत धरली, जशी खाडीत धरतात. गाईडने ते पाहिलं. काहीही न बोलता कांडी काढून बाबांच्या मांडीवर दिली आणि स्वतः दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. दिवसभरातला हा क्षण मी विसरणार नाही. इतक्या लोकांना मासेमारी शिकवणाऱ्या माणसाने समोरच्याला आधीच येतं हे ओळखलं.

पावणेचारला बाबा हळूच म्हणाले, "खाली कोणतरी इलोहा." सकर चुळबुळ करायला लागला होता, त्यांच्या बोटांना ते कळलं. मी भाषांतर केलं तेव्हा गाईड उठून जाळ्यापाशी गेला होता, म्हणजे त्यालाही बाबांच्या चेहऱ्यावरून समजलं असावं. अर्धा मिनिट काही नाही. मग खटका कर्कश वाजला. त्याने छोट्या मोटारीने बोट हळूच माशाच्या वर नेली, बाबांना हाताने थांबवलं, थांबवलं, आणि मग "आता!" बाबांनी दोन्ही हातांनी ओढलं. मासा दोनदा बोटीखालून गेला. एकदा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकलं. बाबांचं तोंड उघडंच राहिलं होतं. पाचेक मिनिटांत तो जाळ्यात आला.

आणि मग मी ज्यासाठी पैसे मोजले होते ते बघितलं. जाळं पाण्यातच राहिलं. मासा आत स्वस्थ उभा, कल्ले हलत होते. गाईड कडेवर ओणवा झाला, लांब पकडीने एक गळ सोडवला. दुसरा खोल होता, तो ओढला नाही, कटरने कापून टाकला. मग बाबांना हात ओले करायला सांगितले. एक हात गालफडाखाली, एक पोटाखाली, मासा आडवा. त्याने "एक, दोन, तीन" मोजलं, मी फोटो काढला, मासा परत पाण्यात. मोजपट्टीवर ३८ इंच. "ह्येचे दात बघ गो," बाबा मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

विस्कॉन्सिनात बहुतेक तलावांवर ४० इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही, त्यामुळे सोडायचाच होता. पण इथले बहुतेक लोक ५० इंचांचाही सोडतात. बाबांनी सकाळीच विचारलं होतं, "सोडूचोच असा तर धरूचो कित्याक?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता गाईडने शेपटीजवळ धरलेला मासा बाबांच्या हाती दिला आणि सांगितलं, एवढा व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, तो स्वतःहून जाईल तोपर्यंत धरा, ढकलू नका. बाबा गुडघ्यावर बसून थंड पाण्यात कोपरापर्यंत हात घालून राहिले. मिनिटभर असेल. मग शेपटी एकदा घट्ट झाली आणि मासा त्यांच्या हातातून सुटून सरळ खाली गेला. त्यांनी हात पुसले नाहीत बराच वेळ.

परतताना त्यांनी आचऱ्याच्या खाडीतल्या तांबोशीबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी केवढ्या असायच्या, हल्ली केवढ्या मिळतात. मी गाईडला जमेल तसं सांगत होते. धक्क्यावर त्याने कापलेला गळ बाबांना दिला, टोक पकडीने वाकवून, बोचू नये म्हणून.

पैसे वसूल झाले का, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, दिवसभरात चार मासे दिसले, एक मिळाला, आणि तो जिवंत परत गेला. ऑक्टोबरचे शनिवार-रविवार त्याच्याकडे फार लवकर भरतात, जानेवारीतच फोन करा. आठवड्यातला मधला दिवस मिळतो आणि तलावही शांत असतो. मी पुढच्या वर्षीचा सोमवार धरून ठेवलाय. बाबांच्या विमानाचं तिकीट त्या तारखेवरून काढायचं आहे.