टेम्पलर स्वारांपासून मुंबईच्या फ्रीमेसन लॉजपर्यंत: फोर्टमधील एका अभ्यासफेरीविषयी

फोर्टमध्ये रविवारी सकाळी निघणारी, क्रुसेडमधील (मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयुद्धांतील) लढवय्ये संघ आणि आजचे फ्रीमेसन (एका शपथबद्ध बंधुसंघटनेचे सदस्य) यांच्यातील नाते उलगडणारी अडीच तासांची अभ्यासफेरी मी गेल्या महिन्यात केली. माणशी सातशे रुपये शुल्क आहे आणि निवेदन मराठीत असते. स्टर्लिंग सिनेमाजवळचा फ्रीमेसन हॉल बाहेरूनच पाहायला मिळतो. नोंदणीच्या वेळीच हे सांगितलेले असल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सुरुवातीला निवेदकांनी टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या संघाच्या मुद्रेचा प्लॅस्टरचा ठसा सर्वांच्या हाती फिरवला. एकाच घोड्यावर मागेपुढे बसलेले दोन स्वार त्यावर बोटांनी चाचपता येत होते. यात्रेकरूंच्या वाटा राखण्यासाठी १११९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये उभा राहिलेला हा संघ इतका धनाढ्य झाला, की १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने त्याच्या सदस्यांची धरपकड केली, १३१२ मध्ये पोपने तो बरखास्त केला आणि १३१४ मध्ये त्याचा अखेरचा प्रमुख झाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले. तेथून २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये फ्रीमेसनांची चार लॉज (स्थानिक शाखा) एकत्र येऊन ग्रँड लॉज ही मध्यवर्ती संस्था स्थापन होईपर्यंत चारशे वर्षे जातात आणि या दोन टोकांना जोडणारा एकही विश्वसनीय दस्तऐवज नाही, हे निवेदकांनी निःसंदिग्धपणे सांगितले. फ्रीमेसनांचे क्रुसेडशी नाते जोडले ते १७३७ च्या सुमारास अँड्र्यू रॅमसे या स्कॉटिश गृहस्थाच्या भाषणाने, आणि त्यातही उल्लेख सेंट जॉनच्या संघाचा, म्हणजे क्रुसेडमधील दुसऱ्या एका लढवय्या संघाचा, होता, टेम्पलरांचा नव्हता. गुप्त खजिन्याच्या कथांवर गर्दी जमवणे सोपे असताना ही शिस्त पाळली गेली, याचे मला फार मोल वाटते.

फेरीचा खरा गाभा मात्र मुंबईतच आहे. कंपनी सरकारच्या नोकरीतील स्कॉटिश डॉक्टर जेम्स बर्न्स यांना टेम्पलरांचे एवढे वेड, की त्यांनी १८३७ मध्ये त्या संघाचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. याच बर्न्स यांनी, माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला येथील युरोपीय लॉजने प्रवेश नाकारल्यानंतर, १८४३ मध्ये मुंबईत भारतीय लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढले. माणकजींनी मधल्या काळात पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली होती. त्यांनी १८६३ मध्ये स्थापन केलेल्या अलेक्झांड्रा मुलींच्या शाळेसमोर उभे राहून हे ऐकताना, आजच्या फ्रीमेसनांना (मेसनांना) त्या स्वारांकडून नेमके काय घ्यावेसे वाटते, ते मला प्रथमच उमगले: वंशावळ नव्हे, तर घेतलेली शपथ निभावणे आणि वाटेवरच्या परक्याला आपल्या आसऱ्याला घेणे. (मी स्वतः मेसन नाही.)

यातला पेचही निवेदकांनी लपवला नाही. भारतातील लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिब शेजारी शेजारी ठेवले जातात. मात्र इंग्लंडच्या परंपरेतील टेम्पलर पदवी (मेसनांमधील एक पुढची पायरी) ख्रिस्ती त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच ईश्वराच्या तीन रूपांवर, श्रद्धा असणाऱ्यांनाच मिळते. म्हणजे ज्यांच्यासाठी बर्न्स यांनी दार उघडले, त्यांच्यातल्या बहुतेकांना हे आतले दालन बंदच राहते. माझ्या प्रश्नावर त्यांनी आढेवेढे न घेता हे उत्तर दिले.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. १५ जुलै १०९९ रोजी क्रुसेडरांनी जेरुसलेम जिंकले आणि तेथील मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल केली. ही घटना टेम्पलर संघाच्या आधीची असली, तरी हा संघ उभा राहिला तो याच विजयातून बनलेल्या राज्यात. निवेदनात तिला दोन वाक्यांपलीकडे जागा नव्हती. आमच्या गटात मुसलमान जोडपेही होते आणि त्या दोन वाक्यांनंतर लगेच शौर्याचे वर्णन सुरू झाले, हे मला खटकले. हॉलसमोर छायाचित्रांसाठी दिलेली पंधरा मिनिटे तिकडे वळवावीत, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.