अटॅकिंग खेळासाठी डायमंड पॅडल रॅकेट: बरेच महिने वापरल्यावर

कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. तुम्ही पॅडल (काचेच्या भिंतींच्या कोर्टवर दोघादोघांत खेळतात तो खेळ) डाव्या बाजूला खेळता, उजव्या हाताने, मधले उंच बॉल तुमचेच असतात, बांदेहा (नेट न सोडता डोक्यावरून मारलेला कंट्रोलचा शॉट) आणि विबोरा (तसाच, पण जोरात आणि साइडस्पिनने) दोन्ही व्यवस्थित बसलेत आणि आता स्मॅशला अजून जोर हवा म्हणून डायमंड शेपची, म्हणजे वरच्या बाजूला रुंद आणि जड रॅकेट बघताय, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. ज्यांचा बांदेहा अजून अर्ध्या वेळा काचेच्या मधोमध जाऊन परत येतो त्यांनी गोल किंवा टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराची, दोन्हींच्या मधली) घ्यावी, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाहीये.

माझी रॅकेट: डायमंड, फेस १२के कार्बनचा, आत कोअरला हार्ड ईव्हीए (रबरासारखा फोम), वजनकाट्यावर ३६८ ग्रॅम (ओव्हरग्रिप, म्हणजे हँडलवर गुंडाळायची जादा पट्टी, सोडून), बॅलन्स (हँडलच्या बुडापासून तोलाच्या जागेपर्यंतचं अंतर) २७ सेंमीच्या जरासा खाली, फेसवर वाळूची खरखरीत फिनिश. कंपनीचं नाव देत नाहीये कारण हीच बांधणी जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीच्या टॉप रेंजमध्ये असते आणि मला बोलायचंय ते बांधणीबद्दल.

स्मॅशपासून सुरुवात करते, कारण सगळे त्यासाठीच घेतात. जोर आहे, खरंच आहे. वजन हातापासून लांब असल्यामुळे त्याच स्विंगमध्ये बॉलवर जास्त वजन आदळतं, आणि हार्ड कोअर जोरात मारल्यावर दबून बसत नाही, सगळं परत देतो. सॉफ्ट रॅकेटने पूर्ण ताकद लावली की एका मर्यादेनंतर रबर पूर्ण दाबलं जातं आणि पुढे कितीही जोर लावा बॉल तेवढाच जातो, ते इथे होत नाही. टप्पा पडून बाजूच्या ३ मीटर उंच भिंतीवरून बाहेर जाणारा स्मॅश, ज्याला सगळे पोर त्रेस म्हणतात, तो मला आधी फक्त नेटजवळच्या सोप्या लॉबवर (डोक्यावरून उंच टाकलेल्या बॉलवर) जमायचा, आता सर्व्हिस लाइनच्या थोडं पुढून पण जमतो. फक्त स्वीट स्पॉट (फेसवर बॉल सगळ्यात छान लागतो ती जागा) वर सरकलेला आणि लहान असतो, त्यामुळे बॉल एकदम वरच्या उंचीला भेटायला हवा. हात वाकलेला असताना, उशिरा पोचून मारलात तर बॉल फेसच्या मध्याखाली लागतो आणि मग हीच रॅकेट अगदी मुकी लागते.

पण एका मॅचमध्ये तुम्ही पूर्ण ताकदीचे स्मॅश मारता किती? मोजून बघा कधीतरी. त्याच्या कितीतरी पट व्हॉली असतात, बांदेहा असतात, मागच्या काचेवरून निघालेले बॉल असतात, आणि रॅकेट चांगली की वाईट ते तिथे ठरतं. माझं ठाम मत असं झालंय की अटॅकिंग प्लेअरने रॅकेट स्मॅशवरून निवडूच नये, तिसऱ्या सेटमध्ये थकलेल्या हाताने व्हॉली कशी होते त्यावरून निवडावी.

व्हॉलीचं सांगते. निवांत व्हॉली, वेळ असताना, छान. बॉल खोल जातो, वजनदार जातो, समोरच्याला काचेपाशी अडकवतो. पण चौघेही नेटजवळ आले आणि बॉल छातीवर, पोटावर येऊ लागला की डोकं जड असलेली रॅकेट फिरवायला जो अगदी छोटासा उशीर होतो ना, तोच पॉइंट घालवतो. पहिल्या सेटमध्ये जाणवत नाही, तेव्हा मनगट ताजं असतं. नंतर जाणवतं, आणि जाणवतं ते असं की बॅकहँड व्हॉली नकळत पुढे न भेटता अंगाजवळ भेटायला लागते, बॉल उचलला जातो आणि समोरून चोप बसतो.

डिफेन्समध्ये उलटा त्रास. हार्ड कोअर हळू स्विंगला काहीच देत नाही. काचेवरून कमी उंचीवर निघालेला बॉल, पाय नीट नाहीत, फक्त लॉब टाकून नेटकडे जायचंय, अशा वेळी सॉफ्ट रॅकेट स्वतःच बॉल फेकते, ही फेकत नाही, पूर्ण ढकलावं लागतं. सुरुवातीचे आठवडे माझे लॉब सारखे आखूड पडत होते, आणि अटॅकिंग प्लेअरसाठी आखूड लॉब म्हणजे नेट गमावणं, म्हणजे ज्या कामासाठी रॅकेट घेतली ते काम करायची संधीच नाही. फॉलो थ्रू वाढवल्यावर सुधारलं. बांदेहा मात्र या रॅकेटने मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण बॉल फेसवर रेंगाळत नाही, जिकडे फेस दाखवला तिकडेच जातो, चिकिताला (नेटवरच्या समोरच्यांच्या पायाशी टाकलेल्या हळू बॉलला) पण तेच.

आता बॅलन्स. लोक ३६५ की ३७० ग्रॅम यावर तासभर बोलतात आणि बॅलन्स बघतच नाहीत. हातोडा दांड्याच्या टोकाला धरा आणि मग डोक्याजवळ धरा, वजन तेच, पण फिरवायला किती फरक पडतो. ३७५ ग्रॅमची पण २५.५ सेंमी बॅलन्सची रॅकेट ३६० ग्रॅमच्या २७ सेंमीवाल्या रॅकेटपेक्षा हातात हलकी वाटू शकते. मोजायला सोपं आहे: रॅकेट आडवी पेन्सिलीवर ठेवा, जिथे तोल राहतो तिथपासून हँडलच्या बुडापर्यंत पट्टीने मोजा. छापलेल्या वजनात बहुतेक वेळा रेंज दिलेली असते, एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये फरक निघतो, त्यामुळे शक्य असेल तर हातातली तीच रॅकेट मोजून घ्या.

मी माझ्या रॅकेटला दोन ओव्हरग्रिप लावल्या. एक साधारण ५-६ ग्रॅमची असते, वजन वाढतं पण हाताजवळ वाढतं म्हणून बॅलन्स खाली येतो, आणि नेटवर लगेच फरक कळला. वरच्या कडेला जाड प्रोटेक्टर होता तो काढून पातळ लावला, कारण ते वजन नेमकं सगळ्यात वाईट जागी, टोकाला बसतं. एवढ्या दोन गोष्टींनी ही रॅकेट मला खऱ्या अर्थाने खेळण्यालायक झाली. अदिदासच्या मेटलबोनला, जी प्रो प्लेअर गालानची रॅकेट म्हणून ओळखली जाते, काढता-घालता येणारी वजनं दिलेली आहेत, तो फक्त दिखावा नाहीये, या मुद्द्याचंच उत्तर आहे ते.

आणि प्रो प्लेअर बघून शेप ठरवू नका. लेब्रोनच्या नावाशी जोडलेली बाबोलाटची टेक्निकल वायपर डायमंड आहे हे खरं, पण आगुस्तिन तापिया, ज्याच्याइतका अटॅक फार कमी लोक करतात, त्याची नॉक्स एटी१० टिअरड्रॉप आहे. म्हणजे अटॅक म्हटलं की डायमंडच हवी असा काही नियम नाही.

कार्बनच्या आकड्याबद्दल पण थोडं. ३के, १२के, १८के म्हणजे एका धाग्यात किती हजार तंतू आहेत तेवढंच. मोठा आकडा म्हणजे जास्त पॉवर असं समीकरण नाहीये, थर किती, रेझिन कोणतं, आतला फोम किती कडक यावर सगळं अवलंबून. दोन १८के रॅकेट हातात पूर्ण वेगळ्या लागू शकतात.

टिकाऊपणा: फ्रेम ठीक, वर ओरखडे आहेत पण तडा नाही. वाळूची फिनिश मधल्या भागात जवळजवळ गुळगुळीत झालीय. साच्यातच उठाव दिलेला फेस जास्त टिकतो, पुढच्या वेळी तोच बघणार. स्पिन थोडा कमी झाला, पण वाटलं होतं तेवढा नाही, विबोराचा स्पिन बराचसा हाताच्या मार्गावरून येतो. कोअर सुरुवातीच्या काही मॅचमध्ये फारच कडक होता, मग मोकळा झाला, आणि अलीकडे स्मॅशचा आवाज जरा बसका झालाय, म्हणजे रबर थकायला लागलंय.

हवामानाचा परिणाम मला वाटला त्यापेक्षा खूप मोठा निघाला. थंडीत ईव्हीए कडक होतं, बॉलही कमी उसळतो, आणि हार्ड रॅकेट अगदी निर्जीव होते. उन्हात तेच रबर नरम पडतं, बॉल उडतो, तेव्हा हार्डचा कंट्रोल सोन्यासारखा वाटतो. थंड हवेत जास्त खेळत असाल तर मीडियम कोअर घ्या, आणि रॅकेट बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

कोपराचं गंभीरपणे घ्या. हार्ड कोअर आणि वर सरकलेला बॅलन्स हे दोन्ही एकत्र आले की चुकीच्या जागी लागलेल्या प्रत्येक बॉलचा झटका सरळ हातात येतो. सलग खेळलं की मला कोपराच्या बाहेरच्या बाजूला ताण जाणवायचा, वॉर्मअप आणि फोरआर्मचे व्यायाम नियमित केल्यावर कमी झाला. ज्यांना आधीच टेनिस एल्बो आहे त्यांनी ही बांधणी घेऊच नये, कितीही चांगलं खेळत असलात तरी.

डेमो मिळाला तर मॅचच्या शेवटी घ्या, आधीच दमलेले असताना, आणि पहिली दहा मिनिटं स्मॅश मारूच नका, मागून लॉब आणि नेटवर अंगावर येणाऱ्या व्हॉली एवढंच खेळा. माझी पुढची रॅकेट डायमंडच असेल, पण २६ सेंमीच्या आसपास बॅलन्सची आणि मीडियम कोअरची, स्मॅशमधला थोडा जोर त्यासाठी सोडायला मी तयार आहे.