16,500 रुपयांचे बुश

आधी आकडे सांगतो, म्हणजे "थोडक्यात वाचलात" असं कुणी म्हणायला नको. 3,700 अ‍ॅडव्हान्स. 3,700 माल निघायच्या आधी. 850 पॅकिंग आणि इन्शुरन्स म्हणून. आणि वरून "रिफंड"च्या नावाखाली 8,250. एकूण 16,500 रुपये गेले, तेही प्रीमियर पद्मिनी गाडीच्या सस्पेन्शनच्या रबरी बुशसाठी, म्हणजे धक्के झेलणाऱ्या, आत लोखंडी नळी असलेल्या रबराच्या तुकड्यांसाठी. घरात अजून 8,250 चाच आकडा माहीत आहे.

गाडी 1986 ची, वडिलांनी घेतलेली. आपल्या नागपुरात आता जिकडे तिकडे सिमेंट रोड. त्याच्या प्रत्येक जोडावर मागून खट्-खट् व्हायचं. खाली वाकून बघितलं तर मागच्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बुशचं रबर चिरून आतली लोखंडी नळी एका बाजूला टेकली होती. म्हटलं, आता पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे बुशही काढू आणि सगळंच नवीन बसवू.

घरी करायचा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतीलच. मजुरी वाचवायला नाही. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळताहेत, आणि तशातच बोल्ट आवळून मोकळे होणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. नळीला चिकटवलेलं रबर तेव्हा त्याच स्थितीत अडकतं. गाडी खाली आली, वजन पडलं, की त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकरच फाटतो. शेवटची आवळणी चाकं जमिनीवर असतानाच करायची. हे मला येतं. बुश बसवताना ग्रीस नाही, साबणाचं पाणी लावायचं, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं, हेही येतं. मला काम येत नव्हतं म्हणून फसलो, असं कुणी समजू नये.

अडलं ते मालावर. पद्मिनी बनणं बंद होऊन दोन तपं उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची गेली. दुकानात बुश मागितला की काउंटरवरचा पोरगा आधी हसतो आणि मग "काका, साइज आणा, जुळवून देऊ" म्हणतो. दुसऱ्याच गाडीचा बुश घासूनपुसून बसवणं हा त्याच्या लेखी इलाज.

तोवर जुने बुश हॅक्सॉच्या पात्याने कापून काढलेले होते, गाडी अंगणात स्टँडवर. परतीची वाट नाही. नेमकी तेव्हा ती जाहिरात दिसली: "कंपनीचा जुना शिल्लक माल, पूर्ण सेट." फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलणारा. कुर्ल्यात वडिलांचं स्पेअरचं दुकान होतं म्हणे, गोडाऊन रिकामं करतोय. पद्मिनी कुर्ल्यालाच बनायची, हे त्याला पक्कं ठाऊक. "काका, तुमच्यासारखे शौकीन राहिलेत कुठे?" इथे आपण विरघळतो, राजेहो. अशा माणसांना गाडीची नाही, गाडीवाल्याची माहिती असते.

आता जिथे आजही डोकं आपटून घ्यावंसं वाटतं, ते सांगतो. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बिल पाठवलं. माझा पोटापाण्याचा धंदा काय? इतवारीतल्या व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न भरणं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27. या बिलावर होता 07, म्हणजे दिल्ली. पत्ता कुर्ल्याचा, नंबर दिल्लीचा, आणि खाली कर लावलेला सीजीएसटी अधिक एसजीएसटी असा दोन तुकड्यांत, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालाचा. अरे, दिल्लीच्या नंबरवरून नागपूरला माल येणार असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागेल ना! एका कागदावर दोन खोट्या गोष्टी, आणि दोन्ही माझ्या रोजच्या कामातली. तो कागद मी बोटांनी मोठा करून बघितला. काय बघितलं? "रिअर स्प्रिंग बुश" ही ओळ बरोबर आहे का, ते. दुसऱ्या कुणाचं बिल असतं तर मी जेवता जेवता चूक काढली असती. पण मार्च महिना, व्यापाऱ्यांचे फोनवर फोन, अंगणात उघडी पडलेली गाडी. अशा वेळी कोण नंबर वाचत बसतं? तुम्ही मात्र वाचा. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव फुकटात दिसतं.

पार्सल आलं, हे विशेष. म्हणूनच संशय आणखी लांबला. खोका नवा, आतले बुश काळेभोर. पाट्याचा बुश व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून दाबत दाबत बसवावा लागतो. हा बोटाने सरकला. नखाने खरवडलं तर काळा रंग निघाला आणि खाली भेगाळलेलं रबर, नळीच्या तोंडावर हातोडीचे ठोके. कुठल्या तरी भंगारातले काढून रंगवलेले.

फोन केला तर माणूस नम्रतेचा पुतळा. "चूक झाली काका, आत्ता पूर्ण पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा." तो बोलत राहिला, मी पिन टाकला. पैसे यायला पिन लागत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपलेच पैसे परत येताहेत म्हटल्यावर डोकं दुसऱ्याच दिशेला चालतं. 8,250 यायच्या ऐवजी 8,250 गेले. फोन बंद.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्या तासात करा, समोरच्या खात्यात पैसे असतील तर तेवढ्यातच अडवता येतात. पुढे पोलीस स्टेशन. तिथले साहेब म्हणाले, "काका, एवढ्याशा पैशासाठी काऊन फिरून राहिले?" मग म्हणाले, माल मिळाला ना, मग हा ग्राहक न्यायालयाचा विषय. मग पत्ता मुंबईचा म्हणून मुंबईत द्या. मी 07 दाखवला, तर मग दिल्लीत द्या! हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून घ्यायची सोय 2024 च्या जुलैपासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिली आहे. कागद काढून दाखवला. साहेबांनी वाचलाही नाही, चहा मागवला. स्वतःसाठी.

ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. छान. पण नोटीस कुणाला पाठवायची? कुर्ल्याच्या त्या पत्त्यावर ओळखीच्या मुलाला पाठवलं, तिथे पोळी-भाजी केंद्र निघालं.

बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता "पिन तुम्हीच टाकला ना?" म्हटलं. अहो, टाकला, पण ज्या खात्यात पैसे गेले ते कुणी तरी केवायसी करूनच उघडलं असेल ना? तो माणूस कोण, हे विचारायचा अधिकार मला नाही म्हणे, गोपनीयता आहे. चोराची गोपनीयता सांभाळायला सगळे तयार, आणि माझा आधार मात्र प्रत्येक टेबलावर झेरॉक्ससकट द्यायचा! मॅनेजर मीटिंगमध्ये. पुन्हा गेलो, पुन्हा मीटिंगमध्ये. शेवटी लेखी तक्रार देऊन पोच घेतली. पोच घ्याच, तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि मी जाणार आहे.

बुशसाठी शेवटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने माप घेऊन नळ्या करून दिल्या, रबर दुसऱ्याकडून भरून घेतलं. 2,600 रुपयांत काम झालं. जुना बुश कापण्याआधी व्हर्निअरने (बारीक माप मोजायच्या साधनाने) माप घेऊन ठेवा, आणि नवा माल हातात आल्याशिवाय गाडी उघडू नका. उघडी गाडी दिसली की विकणाऱ्याला भाव कळतो.

आणि ती जाहिरात अजून आहे, फोटो तोच, नाव दुसरं. किंमत आता 6,900. कुणी पद्मिनीवाला ओळखीत असेल तर त्याला आजच फोन करा.