करवंटीपासून बनलेला कुरारे वायपी-५०एफ कार्बन: सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडसाठी एक परीक्षण

केळीची साल, उसाचे चिपाड, भाताचा तूस अशा नाना प्रकारच्या कचऱ्यापासून सच्छिद्र कार्बन बनवल्याचे शोधनिबंध सतत प्रसिद्ध होत असतात. त्यांतले फारच थोडे प्रयोगशाळेच्या बाहेर पडतात, म्हणूनच जपानच्या कुरारे कंपनीची वायपी-५०एफ ही काळी पूड मला मोलाची वाटते. ती नारळाच्या करवंटीपासून बनते, बाजारात मिळते आणि सुपरकपॅसिटरवर (इलेक्ट्रोडच्या, म्हणजे वीज आत-बाहेर नेणाऱ्या पट्टीच्या, पृष्ठभागावर विद्युतभार साठवणाऱ्या साधनावर) काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये तुलनेचे माप म्हणून वापरली जाते.

करवंटीत लिग्निन भरपूर आणि राख अत्यल्प असते. शिवाय ती मुळातच घट्ट असल्यामुळे तिचा कोळसा टणक निघतो. या कोळशावर सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ सोडली की वाफेशी संयोग पावलेला काही कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे उरतात. वायपी-५०एफमधली बहुतेक छिद्रे दोन नॅनोमीटरपेक्षा लहान असून एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारण १५०० ते १८०० चौरस मीटर भरते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने हेच पृष्ठफळ ३००० च्या आसपास नेता येते; परंतु त्यासाठी भट्टी झिजवणारे रसायन वापरावे लागते, ते नंतर धुऊन काढावे लागते आणि मिळालेला कार्बन इतका पोकळ असतो की त्याच वजनाला जास्त जागा लागते. गाडीत किंवा विजेच्या मीटरमध्ये बसवायच्या उपकरणात जागेलाही वजनाइतकेच महत्त्व असते, त्यामुळे वाफेचा हा संयमी मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रत्यक्ष कामगिरीविषयी बोलायचे तर सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये (आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाहून नेणाऱ्या द्रवात) २.७ व्होल्टपर्यंत ही पूड ग्रॅमला सुमारे १०० फॅरड धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, देते. शोधनिबंधांतले २५० किंवा ३०० फॅरडचे आकडे वाचलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. पण ते आकडे बहुधा पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, जेमतेम एक व्होल्टवर मोजलेले असतात, आणि साठवलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब केला तर २.७ व्होल्टवरचे १०० फॅरड हे एका व्होल्टवरच्या २५० फॅरडच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा साठवतात. त्यातच अनेक निबंधांतले इलेक्ट्रोड चौरस सेंटीमीटरला एक-दोन मिलिग्रॅम इतके पातळ असतात, तर कारखान्यातला इलेक्ट्रोड दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. तेवढा जाड थर दिल्यावरही ज्या कार्बनचे वर्तन फारसे बिघडत नाही, तोच कामाचा.

इलेक्ट्रोड बनवताना ही पूड त्रास देत नाही. पाच ते दहा टक्के टेफ्लॉनचे बंधक आणि थोडा वाहक कार्बन घालून अल्कोहोलमध्ये कणकेसारखी मळली की तिची लवचीक पट्टी लाटता येते. सूक्ष्मछिद्री असल्यामुळे ती हवेतली ओल मात्र झपाट्याने शोषते, आणि सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये ही ओल घातक ठरते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांनी पट्टी निर्वातात, शंभर अंशांच्या वर, रात्रभर वाळवल्याशिवाय सेल बंद करू नये.

या कार्बनच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. छिद्रे अरुंद असल्यामुळे फार मोठ्या प्रवाहावर आयनांची ये-जा मंदावते. तयार उपकरणात किलोला साधारण पाच ते सात वॉट-तास एवढीच ऊर्जा मावते, म्हणजे लिथियम-आयन बॅटरीच्या तुलनेत फारच कमी. ज्यांना काही सेकंदांत भरणारे आणि लाखो वेळा वापरता येणारे साधन हवे आहे, त्यांनीच हा कार्बन घ्यावा. सोडियम-आयन बॅटरीसाठी तो उपयोगाचा नाही. तिथे करवंटीचाच, पण आतली पोकळी बंद असलेला, कठीण कार्बन लागतो.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात करवंटी मुबलक आहे, आणि तिच्यापासून इलेक्ट्रोडचा कार्बन बनवण्याची इच्छा बाळगणाऱ्या उद्योजकांनी व संशोधकांनी आपला नमुना वायपी-५०एफच्या शेजारी ठेवावा, असे मला मनापासून वाटते: तेच इलेक्ट्रोलाइट, तोच जाड थर, आणि ग्रॅमबरोबर घन सेंटीमीटरमागची धारिता व राखेचे प्रमाणही नोंदलेले.